तीन चॅनल म्हणजे तीनपट नोकऱ्या? रेडिओतल्या कामाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात डिजिटल रेडिओ आणि एआयवर छोटीशी माहिती छापली होती, त्यावर एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. जवळपास सगळ्यांचा सूर एकच, आमच्या कामाचं काय होणार. सगळी पत्रं छापता येणार नाहीत, जी वेगवेगळी वाटली ती घेतली आहेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत, नागपूर एवढंसं गाव आहे, कोण कुठे काम करतं ते सगळ्यांना माहीत असतं.

प्रश्न : नमस्कार दादा, मी मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, गॅदरिंगला अँकरिंग करतो, सगळे म्हणतात आवाज रेडिओचा आहे तुझा. आता ऐकलं की नागपुरात डिजिटल रेडिओ येऊन राहिला आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर तीन तीन चॅनल लागणार. मग आरजेच्या जागा पण तीनपट होणार ना? घरचे म्हणतात बँकेची परीक्षा दे. काय करू? (मानेवाडा)

उत्तर : भाऊ, बातमी बरोबर ऐकलीस, हिशोब मात्र घाईचा झाला. ट्रायनं, म्हणजे टेलिकॉम आणि प्रसारणाच्या सरकारी नियामक संस्थेनं, ऑक्टोबर २०२५ मध्ये खासगी डिजिटल रेडिओसाठी शिफारशी दिल्या, त्यात सुरुवातीला १३ शहरं धरली आहेत, चार मोठी महानगरं आणि नऊ ए श्रेणीतली, आणि त्या नवांत पुण्यासोबत नागपूर पण आहे. पद्धत सायमलकास्टची, म्हणजे आताचं साधं एफएम चालूच राहील आणि त्याच फ्रिक्वेन्सीच्या आजूबाजूच्या जागेत तीन डिजिटल चॅनल आणि एक डेटाचं चॅनल बसेल. डीआरएम की एचडी रेडिओ, डिजिटलच्या या दोन पद्धतींतला वाद जुनाच आहे, देशभर एकच काहीतरी ठरवा असं ट्रायचं म्हणणं. पण ही शिफारस आहे, त्यानंतर सरकारचा निर्णय, मग लिलाव, मग मशीन, आणि सगळ्यात शेवटी लोकांच्या हातात डिजिटल रेडिओ घेणारा सेट. तुझ्या आईच्या किचनमधल्या रेडिओवर किंवा तुझ्या बाबांच्या जुन्या गाडीत ते डिजिटल चॅनल लागणारच नाही, त्याला नवा सेट पाहिजे.

आता जागांचं. चॅनल वाढले म्हणजे माणसं वाढतात असं रेडिओत होत नाही, माणसं वाढतात जाहिरात वाढली तर. आपल्याच गावाचं उदाहरण बघ ना, १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन ठिकाणी. तेव्हा टेक्नॉलॉजी काही नवीन नव्हती, तोच ट्रान्समीटर, तीच स्पूलची टेप, पण पैसा आला म्हणून स्पॉट बनवणारे आले, जिंगलवाले आले, एजन्स्या आल्या, प्रायोजित कार्यक्रम लिहिणारे आले. आता उलटं होईल बघ, चॅनल येतील पण बर्डीतला साडीवाला किंवा धरमपेठेतला क्लासवाला त्याचं बजेट तीनपट करणार नाहीये, तो तेच पैसे इकडून तिकडे वाटेल, त्यातला बराच मोठा वाटा तर आधीच इन्स्टाग्रामवर गेलाय. त्यामुळे माझा अंदाज असा की त्या नवीन तीन चॅनलवर जुनी गाणी, भक्तिगीतं, एखादं फक्त मराठी गाण्यांचं असं लागेल, प्लेलिस्ट मुंबईत बसून कोणीतरी लावेल, आणि मध्ये मध्ये रेकॉर्ड केलेला आवाज. बारा तासांसाठी एकपण माणूस लागत नाही त्याला.

हे आज पण चालूच आहे म्हणा. खासगी एफएमवर दुपारी किंवा रात्री जो शो लाइव्ह वाटतो तो बऱ्याच वेळा व्हॉइस ट्रॅक असतो, आरजे तासाभरात चार तासांच्या लिंक बोलून मोकळा होतो, प्लेआऊट सॉफ्टवेअर त्या लिंक गाण्यांच्या मध्ये बसवतं. आणि रात्रीचा नेटवर्क शो तर दुसऱ्याच शहरातून येतो. सकाळचा शो तेवढा अजून पक्का गावचा आहे. का? तर सकाळी वर्धा रोडला पूल बंद आहे का, अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सला गाड्या कुठून वळवल्या, मारबतीची मिरवणूक कुठे पोहोचली, नवतपा कधी लागतोय, हे मुंबईत बसलेला माणूस सांगू शकत नाही, आणि सांगितलं तर आपल्याला लगेच कळतं की याला काही माहीत नाही.

एक गोष्ट कोणी बोलत नाही ती मला जास्त महत्त्वाची वाटते. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, फक्त आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. ट्रायनं सप्टेंबर २०२३ मध्ये शिफारस केली होती की तासाला दहा मिनिटं बातम्या द्यायची मुभा द्या. ती जर सरकारनं मान्य केली तर मात्र नागपुरात खरंच जागा निघतील, कारण महापालिकेची आणि कळमना मार्केटची बातमी नागपूरच्याच माणसाला आणावी लागेल. डिजिटलपेक्षा मी त्या शिफारशीकडे डोळे लावून बसलोय खरं सांगू तर.

बँकेची परीक्षा दे. मी चेष्टा करत नाहीये, दे. आणि सोबत फक्त आवाजावर अवलंबून राहू नको, स्वतःचं स्क्रिप्ट लिहायला शीक, अॅडोबी ऑडिशनसारखं एखादं एडिटिंग सॉफ्टवेअर हात बसेपर्यंत वापर, आणि इंटर्नशिप मिळत असेल तर आरजेच्या मागे मागे फिरण्यापेक्षा आठ दिवस सेल्सच्या टीमसोबत फिर. स्टेशनवर पगार कुठून येतो ते त्या आठ दिवसांत कळतं, आणि असा आरजे कोणी लवकर काढत नाही ज्याच्या नावावर क्लायंट येतात.

प्रश्न : सर मी एका केंद्रावर कॅज्युअल अनाउन्सर आहे, बरीच वर्षं झाली, महिन्याला सहा ड्युट्या मिळतात, कधी कमी पण. परवा एका ओळखीच्या मुलानं मोबाईलवर मला माझ्याच टाइपच्या आवाजात मराठी निवेदन करून दाखवलं, कॉम्प्युटरनं केलेलं, ऐकून अंगावर काटा आला हो. आता आम्हाला कोण बोलावणार? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : ताई, खोटा धीर देणार नाही. "आता ऐकू या अमुक चित्रपटातलं गीत, गायिका अमुक, संगीतकार तमुक", हे काम मशीन करू शकतं, मराठीत पण करू शकतं, आणि आजच करू शकतं. सरकारी बाजूला सुरुवात पण झालीये, डीडी किसानवर २६ मे २०२४ पासून एआय क्रिश आणि एआय भूमी असे दोन अँकर आहेत, न थकता चोवीस तास बोलणारे.

पण बाहेर काय झालं ते पण बघा. पोलंडमध्ये क्राकोव्ह शहरातलं ऑफ रेडिओ क्राकोव्ह नावाचं सरकारी चॅनल, त्यांनी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये निवेदक म्हणून तीन एआय पात्रं बसवली, त्याच्या आधी तिथल्या बाहेरच्या लोकांचं काम थांबवलं होतं, म्हणजे तुमच्यासारख्याच कॅज्युअलवाल्यांचं. वरून हद्द म्हणजे २०१२ मध्ये वारलेल्या कवयित्री शिंबोर्स्का, नोबेलवाल्या, त्यांची एआयनं 'मुलाखत' केली. लोक एवढे चिडले, हजारोंनी सह्या केल्या, आठवड्याभरात गुंडाळावं लागलं. आणि दुसरीकडे सिडनीच्या एका स्टेशनवर 'थाय' नावाची मुलगी कित्येक महिने रोज शो करत होती, २०२५ मध्ये बाहेर आलं की ती एआय आहे, आवाज घेतला होता कंपनीच्या फायनान्समधल्या कोणाचा तरी, आणि तोपर्यंत ऐकणाऱ्यांना सांगितलंच नव्हतं. म्हणजे कळलं तर लोक चिडतात, नाही कळलं तर चालवून घेतात. आपल्याकडे यातलं कुठलं होईल? मला वाटतं दुसरं, आपला श्रोता हातात काम असताना रेडिओ लावतो, कान अर्धाच असतो त्याचा.

मग तुम्ही काय करायचं. तुमच्या ड्युटीत दोन प्रकारचं काम असतं, एक क्यू शीट, म्हणजे कार्यक्रमांच्या क्रमाचा कागद, बघून बोलायचं आणि दुसरं माणसांशी बोलायचं. पहिलं जाणार आहे, उद्या नाही तर चार वर्षांनी. दुसरं तुम्ही स्वतःहून मागून घ्या. फोन-इन, शेतकऱ्यांच्या मुलाखती, बचत गटाच्या बायकांचं ओबी (स्टुडिओबाहेर जाऊन केलेलं) रेकॉर्डिंग, रूपक म्हणजे रेडिओ फीचर लिहिणं. काटोलचा संत्रेवाला मृगबहार आणि आंबिया बहार या संत्र्याच्या दोन बहारांवर बोलताना मध्येच थांबतो, रडवेला होतो, चिडतो, तिथे पुढचा प्रश्न काय विचारायचा हे मशीनला जमेल असं मला अजून तरी दिसत नाहीये. रूपकाची कल्पना लिहून प्रोग्राम एक्झिक्युटिव्हच्या टेबलावर ठेवा, ते कंटाळतील पण ठेवा, त्यांच्याकडे पण माणसं कमी आहेत आणि तयार कार्यक्रम कोणाला नको असतो.

आणि एक कडू गोष्ट, माफ करा. पर्मनंट होऊ या आशेवर थांबू नका. सहा ड्युट्यांची मर्यादा कशासाठी ठेवली जाते ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. कोर्टकचेऱ्या करून उमेदीची वर्षं घालवलेली किती माणसं आहेत या लाइनमध्ये. ड्युट्या करा, आनंदानं करा, रेडिओची ओळख फार मोठी असते, पण घरखर्च त्यावर ठेवू नका. ऑडिओबुक, शाळांचं ऑडिओ मटेरियल, कार्यक्रमांचं सूत्रसंचालन, म्युझियमचं ऑडिओ गाइड, हे सगळं तुमच्याच गळ्याचं काम आहे.

प्रश्न : एका कंपनीनं माझ्याकडून दोन तासांचं 'सॅम्पल' मागितलंय, वेगवेगळी वाक्यं वाचायची, एकरकमी पैसे देतो म्हणतात, रक्कम चांगली आहे. मी जाहिरातींना आवाज देतो. देऊ का? (सदर)

उत्तर : थांबा! जाहिरातीच्या सॅम्पलला दोन मिनिटं पुरतात. दोन तास वेगवेगळी वाक्यं कोणी मागत असेल तर ते बहुतेक तुमच्या आवाजाचा क्लोन बनवायला मागत आहेत, आणि त्यानंतर तुम्हाला परत कधी बोलवायची गरज राहत नाही त्यांना.

देऊच नका असं नाही म्हणत. अमेरिकेत पोर्टलंडच्या एका स्टेशननं २०२३ मध्ये त्यांच्या दुपारच्या आरजेचा आवाज क्लोन केला, पण तिला विचारून, आणि तिची नोकरी पण ठेवली, ती आणि तिचा क्लोन वाटून शो करायचे. मुद्दा कागदाचा आहे. कागदावर लिहून घ्या की हा आवाज कशासाठी वापरणार, किती वर्षं, कुठल्या भाषेत, दुसऱ्या कोणाला विकणार का, राजकीय जाहिरातीला वापरणार का, आणि मुदत संपल्यावर मॉडेल डिलीट करणार का. एकरकमीऐवजी वापराप्रमाणे पैसे मागा. 'सर्व माध्यमांत कायमस्वरूपी' असले शब्द दिसले की सही करायच्या आधी वकिलाला दाखवा, नागपुरात वकिलांची काय कमी आहे का.

कायद्याचं म्हणाल तर जुलै २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टानं अरिजित सिंगच्या केसमध्ये त्याचा आवाज एआयनं परवानगीशिवाय वापरायला अंतरिम मनाई केली. चांगला निकाल आहे, पण तो अरिजित सिंग आहे, आवाज ऐकला की देशाला कळतं कोणाचा ते. तुम्हाआम्हाला आधी हेच सिद्ध करावं लागेल की हा आवाज माझाच आहे. म्हणून कागद.

प्रश्न : मी रेडिओच्या ट्रान्समीटरवर शिफ्ट करतो, कंत्राटी आहे, वय ४५. आता साहेब मोबाईलवरच पॉवर, टेंपरेचर सगळं बघतात, चालू-बंद पण तिकडूनच. रात्रीची शिफ्ट कमी केली. आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स झालंय. या वयात काय शिकू? (हिंगणा रोड)

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न वाचून थोडं वाईट वाटलं कारण रेडिओ म्हटलं की सगळे आवाजाबद्दलच बोलतात, ट्रान्समीटरवाला कोणाला आठवत नाही, आणि पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते.

आपल्या नागपूरलाच १५६६ किलोहर्ट्झवर एक मेगावॅटचा ट्रान्समीटर होता, एक मेगावॅट म्हणजे हजार किलोवॅट, आकाशवाणीचं राष्ट्रीय चॅनल रात्रभर त्याच्यावरून देशात ऐकू जायचं. ते चॅनल २०१९ च्या सुरुवातीला बंद झालं. दूरदर्शनचे अँटेनावर दिसणारे जुने अॅनालॉग ट्रान्समीटर २०२२ च्या मार्चपर्यंत जवळजवळ सगळे बंद केले, कायम नोकरीतली माणसं दुसरीकडे हलवली, पण त्या कामाची नवी भरती आता कशाला निघेल. आणि एप्रिल २०२३ मध्ये एका दिवशी शंभर वॅटचे ९१ एफएम ट्रान्समीटर सुरू केले, ऐकायला केवढं मोठं वाटतं, पण ती केंद्रं नव्हेत, दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम पुढे पोहोचवणारे छोटे डबे आहेत, त्यांच्यापाशी शिफ्टला माणूस बसवत नाहीत. टॉवर वाढतात, खुर्च्या वाढत नाहीत.

तरी तुमची गोष्ट मला अनाउन्सरपेक्षा जास्त आशेची वाटते. मोबाईलवर दिसतं की रिफ्लेक्टेड पॉवर, म्हणजे अँटेनाकडून परत येणारी पॉवर, वाढली, पण अँटेनाकडे जाणाऱ्या फीडर केबलच्या जॉइंटमध्ये पाणी गेलंय का हे बघायला कोणीतरी जावंच लागतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, ट्रान्समीटर रूमचा एसी बसला की मशीन ट्रिप, जूनमध्ये वीज पडली की अर्थिंगचा घोळ, डीजी सेट (डिझेल जनरेटर) सुरू होत नाही, हे सगळं हाताचं काम आहे. फक्त ते आता शिफ्टचं राहणार नाही, कॉलवरचं होईल, एकच माणूस चार पाच साइट बघेल. तो एक माणूस तुम्ही व्हा. त्यासाठी नेटवर्किंग शिका, अगदी बेसिक, आयपी अॅड्रेस, राऊटर, स्विच, स्टुडिओकडून ट्रान्समीटरकडे येणारी लिंक आता आयपीवर असते आणि निम्मे फॉल्ट तिथेच असतात. डिजिटल आलं तर एन्कोडर, मल्टिप्लेक्सर, नवा एक्साइटर ही डिजिटल सिग्नल बनवणारी सगळी यंत्रं त्याच रॅकमध्ये बसतील, आणि आरएफ (रेडिओ लहरींची बाजू) आणि नेटवर्क दोन्ही कळणारी माणसं फार कमी आहेत, आयटीची पोरं आरएफला घाबरतात आणि जुने लोक राऊटरला.

पुरवठादार कंपनीचा माणूस इन्स्टॉलेशनला आला की त्याच्या मागे उभे राहा, चहा पाजा, सगळं विचारा. मोबाईल टॉवर, पोलिसांचं वायरलेस, मेट्रो, यांच्या मेंटेनन्सची कंत्राटं घेणाऱ्यांना पण हाच माणूस लागतो, तिकडे पण अर्ज टाका. आणि कंत्राटदार पीएफ भरतो का तेवढं यूएएन (पीएफचा नंबर) टाकून बघून घ्या, हे मी न विचारता सांगतोय.

प्रश्न : आमच्या यवतमाळला एफएम येणार म्हणून दोन वर्षं ऐकून राहिलो. आलं तर गावच्या पोरांना काम भेटेल का? का सगळं नागपूरवरून चालेल? (यवतमाळ)

उत्तर : ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं २३४ नव्या शहरांत ७३० चॅनलच्या लिलावाला मंजुरी दिली, त्यात विदर्भातली यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, गोंदिया, अचलपूर ही नावं आहेत. पण मंजुरी चॅनलच्या लिलावाची आहे. कोणी बोली लावली, पैसे भरले, टॉवर उभा केला तरच पुढचं, आणि छोट्या गावात जाहिरात किती मिळणार हा विचार करून कंपन्या हात आखडता घेतात.

आलंच तर तुमची शंका बरोबर आहे, बराचसा कार्यक्रम नागपूरवरून किंवा अजून लांबून येईल. गावात एक-दोन आरजे, एक सेल्सवाला, एक टेक्निकल माणूस, इतकंच धरून चाला. सेल्सवाला मात्र गावचाच लागतो, दत्त चौकातल्या दुकानदाराकडून उधारी वसूल करणं बाहेरच्याला जमत नाही. खरंच रेडिओ करायची हौस असेल तर कॉलेज किंवा एखाद्या चांगल्या संस्थेला धरून कम्युनिटी रेडिओचा विचार करा, शंभर वॅटची मर्यादा, दहा-पंधरा किलोमीटर ऐकू जातं, पगार फार नाही पण सगळं काम स्वतःला करावं लागतं म्हणून शिकायला त्याच्यासारखं काही नाही.

प्रश्न : मुलगी बारावीत आहे, रेडिओत जायचं म्हणते. कुठला कोर्स? मुंबईच्या एका खासगी संस्थेची फी ऐकून चक्कर आली. (एक पालक, नंदनवन)

उत्तर : काका, आरजेचा महागडा तीन महिन्यांचा कोर्स करू नका, स्टेशनवाले सर्टिफिकेट विचारत नाहीत, डेमो ऐकतात. आधी साधी पदवी होऊ द्या, भाषा, इतिहास, अर्थशास्त्र काहीही, बोलायला डोक्यात काहीतरी असावं लागतं. नंतर वाटलंच तर आपल्या विद्यापीठात मास कॉम आहे, अमरावतीला आयआयएमसी आहे, तिथे मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर डिप्लोमा होतो. तोपर्यंत तिला एक बरा यूएसबी माइक आणि हेडफोन घेऊन द्या आणि घरातल्या आजीची अर्धा तास मुलाखत घेऊन ती सात मिनिटांची करायला सांगा. दर आठवड्याला एक अशी करत राहिली तर वर्षाअखेर तिचा डेमो तयार असेल, आणि महिन्याभरात कंटाळली तर तुमची फी वाचली.